मास्तरीणबाईंचे अकरा ब्रेक

"म्हातारी विकू नकोस आई. मला दे."

थोरलीने हे जेवता जेवता म्हटलं, मीठ इकडे सरकव म्हणावं तितक्या सहज, आणि मास्तरीणबाईंचा घास ताट आणि तोंड यांच्या मधल्या वाटेवरच थांबला. शेजारी बसलेले मीटरवाले, म्हणजे बाईंचे यजमान, तेही चावायचे थांबले. तीस वर्षं घरोघरी विजेचे मीटर वाचून निवृत्त झालेला माणूस तो. घरातला दाब कधी वाढला हे त्यांना काटा न बघताही कळायचं.

म्हातारी म्हणजे बाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी. चौदा वर्षांत निम्म्या गावाचा हात तिच्यावर बसला होता, आणि गावाने तिचे गिअर इतके खरडले होते की आता कुणी नुसतं दार उघडलं तरी ती कण्हायची. नवी गाडी आल्यावर बाईंनी तिला विकायला काढली. मंगळवारीच मिस्त्रीकडे नेऊन ठेवली आणि सांगून आल्या, की टपावरचा बोर्ड उतरवा, शिकवणाऱ्याच्या पायाशी असलेली जादा ब्रेक-क्लचची पेडलं काढा आणि तिला चार गाड्यांसारखी गाडी करा.

"तुला?" बाई म्हणाल्या. "तुला गाडी?"

"नोकरी मिळतेय. रक्त तपासायच्या लॅबमध्ये. सकाळी सहापासून दवाखान्यादवाखान्यांतून नळ्या गोळा करायच्या आणि दहाच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. बर्फाची पेटी ते देतात, गाडी आपली लागते." थोरलीने एका दमात सांगून टाकलं. आरशासमोर म्हणून बघितलं असावं. "सोमवारी हो की नाही ते कळवायचंय."

बाईंना धक्का बसला तो मागणीचा नव्हे, मागणारीचा. सात वर्षांपूर्वी, एकविसाव्या वर्षी, याच मुलीने भर दुपारी दारू पिऊन स्कूलची गाडी काढली होती आणि घड्याळजींच्या दुकानाच्या भिंतीत नेऊन घातली होती. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये स्टुलावर घड्याळजी बसले होते. जीव वाचला, पण एक पाय कायमचा आखडला. त्यांची काठी रस्त्यावर टकटकली की बाई आजही फुटपाथ बदलतात. त्यानंतर थोरलीची चारेक वर्षं बाटलीत बुडाली, वर्ष-सव्वा वर्ष व्यसनमुक्ती केंद्रात गेलं, आणि घरी परत येऊन आता सोळा महिने झाले होते. या सोळा महिन्यांत तिने थेंबाला हात लावला नव्हता, आणि बाईंनी तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. केंद्रात असताना सहा महिने ती तिथली भाजीची गाडी चालवायची, असं तिथल्या ताई सांगायच्या. बाई ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत. धाकटी मुलगी शिकली, नोकरीला लागली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आणि आईबापांना लेकराबद्दल सांगण्यासारखं काही नसणं, यासारखं दुसरं सुख नाही.

थोरली हात धुवायला उठली तसे मीटरवाले हळूच म्हणाले, "देऊन टाक."

"अहो, दुधाने तोंड पोळलंय आपलं."

"म्हणून काय जन्मभर फुंकतच बसायचं का? एकदा पिऊन बघायला नको?"

"आणि पुन्हा कुणाचा पाय गेला तर? पाय सोडा, तिचा जीव गेला तर?"

मीटरवाल्यांनी उरलेला भात कालवायला घेतला. याचं उत्तर खुद्द बाईंकडेही नव्हतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. गाडी दिली आणि काही झालं, तर तो दोष त्यांचा. नाही दिली, नोकरी गेली आणि पोरगी पुन्हा बाटलीकडे वळली, तरी दोष त्यांचाच. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी बाईंनी तेच केलं जे त्या बावीस वर्षं प्रत्येकाचं करत आल्या होत्या. परीक्षा घ्यायची ठरवली.

बाईंची परीक्षा अख्ख्या गावाला पाठ होती. एक तास रस्त्यावर गाडी चालवायची. बाई शेजारी बसणार. त्यांच्या पायाशी जादा पेडलं, तारेने खऱ्या पेडलांना जोडलेली. शिकणारा चुकला की बाई तिकडून ब्रेक दाबणार आणि हाताचं एक बोट मिटणार. तीन बोटं मिटली की नापास, मग समोर साक्षात मोठा साहेब का असेना. गंमत अशी, की ज्यांची गाडी बाईंनी थांबवलेली असायची त्यांना हमखास वाटायचं आपणच थांबवली. "मी दाबला की हो ब्रेक," असं ते गयावया करून सांगत आणि बाई हसत. घरी आल्यावर त्याची नक्कलही करत.

त्यांनी लगेच मिस्त्रीला फोन लावला. "मिस्त्री, म्हातारीला आता हात लावू नका. रविवारी मला ती आहे तशी हवीय." आणि फोन ठेवला. बाईंची ही सवयच. सांगायचं आणि ठेवायचं. पलीकडून काही उत्तर येऊ शकतं हे त्यांच्या गावीच नसायचं. मीटरवाले म्हणायचे, हिने फोनवरचं ऐकण्याचं भोक बुजवून घेतलं तरी हिला वर्षभर पत्ता लागणार नाही.

रविवारी मिस्त्रीचं गॅरेज बंद होतं. म्हातारी बाहेर झाडाखाली उभी होती. बाईंकडे दुसरी किल्ली होती, त्यांनीच ती घरापर्यंत आणली, उतरून पलीकडे गेल्या, आपल्या नेहमीच्या जागी बसल्या आणि थोरलीला म्हणाल्या, "बस. पट्टा लाव. आरसे बघ. मी काही बोलणार नाही, फक्त वळायचं कुठे ते सांगेन."

थोरली बसली. तिने सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, तळहात ओढणीला पुसले.

पहिलं बोट बाजाराच्या कोपऱ्यावर मिटलं. एक सायकलवाला अचानक आडवा आला, बाईंचा पाय गेला, गाडी थांबली. दुसरं, थांब्यावरून बस निघाली तेव्हा. बाईंच्या पायाला पेडल आज हलकं लागत होतं. मिस्त्रीने ग्रीस भरलेलं दिसतंय, त्यांनी मनात म्हटलं, माणूस कामाचा आहे. तिसरं बोट एका कुत्र्यापायी. तिथेच खरं तर निकाल लागला होता, पण बाई आईही होत्या, म्हणून त्यांनी तास पुरा होऊ दिला. तास पुरा होईपर्यंत बोटं दोन्ही हातांची मिटली आणि वर एक उरलं. घड्याळजींच्या गल्लीत तर समोर कुणी नव्हतंही. ती भिंत दिसली आणि बाईंनी पेडल दाबलं. गाडी रांगत रांगत भिंतीपुढून गेली. थोरली भिंतीकडे बघतही नव्हती, हनुवटी वर करून सरळ रस्त्याकडे बघत होती. बाईंना ते निर्ढावलेपण वाटलं.

घरी येईपर्यंत बाईंचा हिशेब पक्का झाला होता. पोरीने एका तासात अकरा वेळा जिवाशी खेळ केला होता. बावीस वर्षांत इतकी बोटं कुणासाठी मिटली नव्हती. एक वयस्क कीर्तनकार सोडले तर, आणि त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं.

"अकरा," त्या दारातच मीटरवाल्यांना म्हणाल्या. "अकरा वेळा मला दाबावा लागला."

थोरली मागून येत होती. ती चप्पल काढता काढता थांबली. "अकरा?"

"मोजलेत मी."

"पण आई, सायकलवाला आला तेव्हा मला वाटलं, मी…"

"वाटलं. सगळ्या शिकाऊंना तसंच वाटतं."

थोरलीने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा चुकून आपल्या चपलेत आलाय. मग "बरं" म्हणाली आणि खोलीत गेली. ती भांडली नाही, रडली नाही, दार आपटलं नाही. एरवी तिचं दार आपटणं बाईंना परवडायचं. हे "बरं" काही त्यांना परवडेना. पण त्यांनी मनाला समजावलं, की वाईटपणा घेणं हे आईचं कामच आहे. संध्याकाळी थोरलीने लॅबला फोन करून नको म्हणून कळवून टाकलं. नोकरीची गोष्ट तिथे संपली, असं तिघांनीही धरलं.

सोमवारी सकाळचे धडे आटोपून बाई म्हातारीला घेऊन मिस्त्रीकडे गेल्या. गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड, आत जळक्या तेलाचा वास, आणि भिंतीवर खिळ्याखिळ्यांना टांगलेल्या तारा, पट्टे, चकत्या. मिस्त्री एका गाडीखाली पाठीवर पडला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. बाई त्या पायांशीच बोलल्या.

"घ्या ही म्हातारी. ठरलं तसं करा. माझी पेडलं काढून टाका."

"पेडलं तेवढी राहिलीत बाई," पाय म्हणाले. "बोल्ट गंजलेत, कापावे लागतील. तारा काढून झाल्यात."

"आज काढाल ना?"

"काढल्यात म्हणतोय. बुधवारीच."

बाईंना वाटलं, गाडीखालून आवाज नीट येत नाहीये. "कुठल्या बुधवारी?"

मिस्त्री सरपटत बाहेर आला, उठला, कापडाला हात पुसत भिंतीकडे गेला आणि एका खिळ्यावरून दोन काळपट तारा काढून त्याने बाईंच्या समोर धरल्या. वेटोळं करून, सुतळीने बांधून ठेवलेल्या. "तुम्ही मंगळवारी सांगितलं, मी बुधवारी काढल्या. गुरुवारी तुमचा फोन आला, हात लावू नका म्हणून. मी म्हटलं, बाई, हात लावून झालाय. पण तोवर तुम्ही ठेवलेला. मी परत लावला तर लागेना. म्हटलं असू दे, विकायचीच आहे. पेडलांना स्प्रिंग तेवढी ठेवलीय, नाहीतर खडखडतात."

"पण रविवारी," बाई म्हणाल्या. "रविवारी मी ब्रेक दाबला."

"कसा दाबणार? जोडलेलाच नाही."

"अकरा वेळा दाबला मिस्त्री. गाडी थांबली. अकराही वेळा तिने ऐकलं."

मिस्त्रीने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं. मग म्हातारीचं दार उघडून आत वाकला आणि हाताने ते पेडल दाबून दाखवलं. ते मुकाट खाली गेलं आणि मुकाट वर आलं. त्याच्या मागे काही नव्हतं. "थांबली तर स्टिअरिंगवर होता त्याने थांबवली," तो म्हणाला. "दुसरं कोण थांबवणार?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, हे बाई आजवर बोलण्यात वापरत होत्या. आत्ता ती खरोखर सरकली. त्या टायरांच्या चळतीवर मटकन बसल्या. पहिली भीती आली ती स्वतःसाठी: तासभर आपण हाताशी काही नसताना, पायाशी काही नसताना, त्या पोरीच्या भरवशावर भर बाजारातून हिंडलो. आणि त्या भीतीच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट आली. पोरीने सायकलवाला पाहिला होता. बस पाहिली होती. कुत्रं पाहिलं होतं. बाईंनी पाय दाबायच्या आत, किंवा अगदी त्याच क्षणी, तिने दाबला होता, अकरा वेळा, एकही न चुकता. आणि बाईंनी घरी येऊन तेच अकरा तिच्याविरुद्ध मोजून दाखवले होते. बावीस वर्षांची मास्तरीण, आणि पेडलामागे तार आहे की नाही हे पायाला कळलं नाही. ग्रीस म्हणे.

त्यांनी तिथूनच घरी फोन केला. आज त्यांनी तो लगेच ठेवला नाही.

"थोरलीला द्या."

"ती गेली ना," मीटरवाले म्हणाले. "मघाशीच. केंद्रावर जाते म्हणाली चार दिवस. बाराची बस. मला वाटलं तुला विचारून गेली."

"का म्हणून गेली?"

मीटरवाले घुटमळले. "म्हणाली, बाबा, मला माझा भरवसा वाटत नाहीये. म्हटलं, गाडी नाही मिळाली म्हणून इतकं काय लावून घेतेस? तर म्हणाली, गाडीचं नाही हो. पुढे काही बोलली नाही."

तेव्हा पावणेबारा झाले होते. बाई म्हातारीत बसल्या आणि निघाल्या. किती वेगाने गेल्या ते विचारू नका. त्यांच्या शाळेत असं कुणी चालवलं असतं तर त्याचं नाव त्यांनी वहीतून खोडलं असतं.

स्टँडवर थोरली शेवटच्या बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. बस लागलेली होती, माणसं चढत होती. बाई धापा टाकत समोर उभ्या राहिल्या. मनात ठरवलेलं एक वाक्य धड जागेवर नव्हतं.

"तार नव्हती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझ्या ब्रेकला तार नव्हती. मिस्त्रीने बुधवारीच काढलेली. मी दाबत होते ते नुसतंच. गाडी तू थांबवलीस. सगळ्या वेळा तूच."

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही. दया आली. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तशी. "आई, मला बरं वाटावं म्हणून असं काही रचू नकोस."

"रचत नाहीये गं."

"काल तूच मोजून दाखवलेस. तू ब्रेकच्या बाबतीत कधी चुकत नाहीस." तिने पिशवी उचलली. "बस सुटेल माझी."

बाईंना मिस्त्रीच्या तारांनी जेवढं हलवलं नव्हतं तेवढं या एका वाक्याने हलवलं. पोरीने स्वतःच्या पायापेक्षा आईच्या बोटांवर विश्वास ठेवला होता. आणि अजूनही ठेवत होती. खरं सांगायला आलेल्या आईला काल खोटं सांगणाऱ्या आईच्या जोरावर परतवून लावत होती. वादात बाई कुणाला हरत नसत, पण इथे समोर त्या स्वतःच उभ्या होत्या.

"पाच मिनिटं दे," त्या म्हणाल्या. "ही बस चुकली तर दोनच्या बसला मी स्वतः बसवून देईन. हात जोडते."

बाईंनी कुणापुढे हात जोडलेले थोरलीने पाहिले नव्हते. ती उठली ती बहुधा त्यामुळेच.

स्टँडच्या मागे गोदामांचा रस्ता होता, रुंद आणि दुपारचा रिकामा. बाई स्टिअरिंगवर बसल्या आणि थोरलीला त्यांनी आपल्या जागी बसवलं, शिकवणारीच्या. गाडी चालू लागली.

"आता दाब ब्रेक."

थोरलीने पाय ठेवला. म्हातारी चालतच राहिली.

"जोरात दाब."

थोरलीने सीटची कड धरून, दात खाऊन पेडल तळाला नेलं. गोदामाची दारं एकामागून एक मागे जात राहिली. पुढे कुणीतरी हातगाडी उभी करून ठेवली होती, ती जवळ यायला लागली, अजून जवळ आली, आणि थोरली पेडलावर जवळजवळ उभी राहिली तरी गाडी काही थांबेना. मग बाईंनी आपला ब्रेक लावला. हातगाडी चार हातांवर होती.

"पुन्हा," थोरली म्हणाली.

त्यांनी पुन्हा केलं. मग अजून एकदा. तिसऱ्या खेपेला थोरलीने पाय काढून घेतला आणि वाकून हातानेच ते पेडल दाबलं, सोडलं, दाबलं. खाली वाकलेलीच ती बोलायला लागली.

"मला वाटलं माझं डोकं गेलं. काल तू अकरा म्हणालीस आणि मला एकेक ब्रेक आठवत होता. पायाला आठवत होता. सायकलवाला, बस, कुत्रं. मी दाबला, असं पाय सांगत होता आणि तू सांगत होतीस तू दाबलास. झोपच लागली नाही. म्हटलं, मी दाबलेलं आणि न दाबलेलंही मला आता कळत नसेल, तर प्यायलेलं आणि न प्यायलेलं तरी कळेल का. म्हणून निघाले."

बाईंनी गाडी कडेला घेतली.

"घड्याळजींच्या गल्लीत तरी तू कशाला दाबलास?" थोरलीने विचारलं. "तिथे मी हळूच जाते. नेहमी. चालत असले तरी."

"मला वाटलं तू बघतही नाहीयेस भिंतीकडे."

"बघितलं की हात कापतात. म्हणून नाही बघत." ती सरळ बसली. रडत नव्हती. चेहरा पांढराफटक पडला होता आणि डोळे बाईंवर रोखलेले होते. "त्यांचा पाय मी मोडला. ते माझं आहे, ते मी कुणावर ढकलत नाहीये. पण बाकीचं? शाळेपासून तू सांगतेस. मी होते म्हणून वाचलीस, मी अडवलं म्हणून थांबलीस, मी नसते तर काय झालं असतं. त्यातलं किती तुझं होतं आणि किती माझं?"

"थोडं तरी खरं होतं गं."

"किती?"

बाईंनी आठवून बघितलं. पोहायला नेलेली थोरली आठवली, जिन्यावरची, परीक्षांतली, त्या वाईट वर्षांतल्या दोन-तीन संध्याकाळी आठवल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांना आपला पाय दाबलेला आठवत होता. त्याच्या मागे तार होती का, हे एकाही ठिकाणी छातीठोकपणे सांगता येईना. सगळ्या गावाला तोंडावर खरं सांगणारी बाई, आणि पोटच्या पोरीला सांगायला खरं काय ते माहीत नाही.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

थोरलीने मान हलवली. रस्त्यावर एक पाण्याचा टँकर धडधडत गेला.

"उतर," थोरली म्हणाली.

"काय?"

"उतर गाडीतून. मला एकटीला चालवायचीय."

तोंडावर आलेलं सगळं बाईंनी आवरलं. कुठे जाणार, किती वेळ, गावात आज गर्दी असते, उजवीकडचा आरसा ढिला आहे. त्यांनी किल्ली तशीच ठेवली, पट्टा सोडला, दार उघडलं आणि उतरल्या. बावीस वर्षांत शिकाऊच्या सांगण्यावरून त्या गाडीतून कधी उतरल्या नव्हत्या. थोरली आतूनच सरकून स्टिअरिंगवर गेली. तिने सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, तो ढिला आरसाही काच खाली करून दाबून बसवला. म्हातारी कण्हली आणि निघाली. गोदामांच्या टोकाला तिचे मागचे लाल दिवे लागले, ती थांबली, कुणाला तरी जाऊ दिलं आणि वळून दिसेनाशी झाली.

बाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. पहिली दहा मिनिटं त्यांनी मनातल्या मनात पोरीला वळणावळणाला सूचना दिल्या. नंतरची दहा मिनिटं त्या घाबरल्या. मग मात्र भीतीही दमली, आणि त्यांच्या लक्षात आलं की पोरगी आत्ता कुठे आहे, कुठे चाललीय, परत येणार आहे की नाही, यातलं काहीही आपल्याला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी करण्यासारखं काही नाही. हे असं गेली सात वर्षं होतं. कळलं आज. गोदामाच्या पायरीवर बसून त्यांनी पदराने तोंड झाकून घेतलं आणि बरंच रडून घेतलं. एक हमाल विचारून गेला, काय झालं बाई, पाणी देऊ का. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

तासाभराने म्हातारी आली. शांतपणे, कडेला, बाईंच्या पायापासून हातभर अंतरावर थांबली. थोरलीने काच खाली केली. चेहऱ्यावर रंग परत आला होता, राग मात्र गेला नव्हता.

"लॅबमध्ये जाऊन आले. अजून कुणाला घेतलेलं नाही. उद्या सकाळी सहाला गाडी घेऊन या, चार दिवस काम बघू, मग ठरवू म्हणाले."

"ने गाडी," बाई म्हणाल्या. "तुझीच आहे ती." आणि डोळे पुसत पुढून वळसा घालून आपल्या नेहमीच्या जागेच्या दाराकडे गेल्या. दार आतून लागलेलं होतं. त्यांनी कडी ओढून पाहिली.

"मागे बस," थोरली म्हणाली.

बाईंनी कडी सोडली. मग मागचं दार उघडून आत बसल्या. चौदा वर्षांत त्या या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसल्या नव्हत्या. जागा अरुंद होती, गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. तिथून रस्त्याचा थोडासा तुकडा दिसायचा, आरशात थोरलीचं कपाळ दिसायचं. तिचे पाय मात्र दिसत नव्हते.